शिवणीवर कापलेला शर्ट

१२ फेब्रुवारी. यांचे जुने शर्ट पोछ्यासाठी कापायला घेतले. कात्री आपोआप शिवणीवर गेली आणि चौकशी आयोगापुढची ती दुपार आठवली.

मी एटापल्लीत नर्स असताना आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याला गोळी घालून मारलं. दवाखान्यात आणल्यावर त्याच्या अंगातला शर्ट मीच कापून काढला होता. डॉक्टरांच्या अहवालात गोळी छातीतून शिरली होती. ते मानलं असतं, तर पुढारीच अंगावर धावून आला, हे मारेकऱ्यांचं म्हणणं खरं ठरलं असतं.

आयोगापुढे मारेकऱ्यांचे वकील हसले. "बाई, डॉक्टरपेक्षा तुम्हाले जास्त समजते काय?"

"नाई साहेब. पण शर्ट मी कापला. भोकं वाचवून, शिवणीवर. पाहून घ्या नं."

शर्टाचं सीलबंद पाकीट उघडलं. जुन्या रक्ताचा गंजासारखा वास आला. पुढच्या भोकाची कड साधी होती, पाठीवरच्या भोकाची जळालेली. गोळी मागून, अगदी जवळून मारली होती. पुढाऱ्याच्या बायकोने पहिल्यांदाच मान वर केली.

आज अभिमान वाटतो. फार नीट कापला होता मी तो शर्ट.

१३ फेब्रुवारी. सकाळी ड्युटीवर अपघाताचा पेशंट आला. नव्या सिस्टरने त्याच्या शर्टाच्या फाटलेल्या जागीच कात्री घातली. मी तिचा हात धरला.

"तिथून नाई वं, शिवणीवरून."