चकमधली चावी

"ताई, हे वाचा. लोक म्हणतायत, चोरीची कॉपी आपल्या कॉपीपेक्षा चांगली आहे."

निखिलने लॅपटॉप माझ्या टेबलावर जवळजवळ आपटलाच. निखिल आमच्या स्टुडिओचा मालक. वय बत्तीस, म्हणजे माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, आणि चिडला की अजून पाच वर्षांनी लहान होतो. वाकडला एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर आम्ही चार माणसं कॉम्प्युटर गेम बनवतो. मी थ्रीडी आर्टिस्ट. गेममध्ये जे जे डोळ्यांना दिसतं, म्हणजे भिंती, मशिनं, चहाचे ग्लास, खिळ्याला लटकवलेलं कॅलेंडर, ते सगळं मी घडवते.

आमच्या गेमचं नाव 'पहिली शिफ्ट'. खेळणाऱ्याला चिंचवडमध्ये एक छोटं वर्कशॉप आणि एक जुना लेथ, म्हणजे धातू कातायचं मशीन, मिळतो. कामं घ्यायची, लेथवर जॉब, म्हणजे धातूचे सुटे भाग, बनवायचे, वेळेत पोचवायचे आणि हळूहळू दुसरं मशीन घ्यायचं. बंदुका नाहीत, कुणी मरत नाही. बाजारात येऊन त्याला महिना झाला होता, आणि इंटरनेटवर त्याची फुकट कॉपी विकत घेतलेल्यांपेक्षा जास्त फिरत होती.

त्या फुकट कॉपीच्या खाली कुणीतरी लिहिलं होतं, "हीच घ्या. ओरिजिनलवाल्यांनी जन्मात लेथ बघितलेला नाही."

मी ते दोनदा वाचलं. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, चिंचवडच्या एका कंपनीत एकतीस वर्षं टर्नर होते. लेथवर काम करणारा तो टर्नर. मी लेथचा आवाज ऐकत झोपले नसेन, पण अण्णांच्या कपड्यांना येणाऱ्या कूलंटच्या, म्हणजे मशीन थंड ठेवणाऱ्या तेलपाण्याच्या, वासात नक्की वाढले. आणि मी लेथ बघितलेला नाही?

"तुम्ही म्हणालात किंमत तीनशे एकोणपन्नास ठेवा, ठेवली," निखिल म्हणाला. "तुम्ही म्हणालात लॉक नको, नाही लावलं. आता बोला."

दोन्ही खरं होतं. त्याला सातशे नव्याण्णव हवे होते. मी म्हटलं होतं, ज्या लोकांवर गेम आहे त्यांना परवडेल अशी किंमत ठेव. आणि लॉक म्हणजे कॉपी करता येऊ नये म्हणून घातलेलं कुलूप. त्याबद्दल माझं मत असं, की चोर ते दोन दिवसांत तोडतो आणि त्रास होतो तो पैसे भरलेल्या माणसाला. मत अजूनही तेच आहे. पण त्या गुरुवारी ते मोठ्याने बोलायची सोय नव्हती.

"कुणी टाकली ते शोधते," मी म्हटलं.

"सोमवारपर्यंत. नाहीतर सोमवारी मी सायबर सेलला तक्रार देतोय. मग जो कोण असेल त्याचं तो बघेल."

मी चोरीची कॉपी उतरवून आमच्या कॉपीशेजारी ठेवली आणि एकेक फाइल ताडून पाहिली. सगळं सारखं होतं. फरक फक्त एका फाइलमध्ये. वर्कशॉपमधली कुठली वस्तू कुठे ठेवायची, याची ती साधी यादी. प्रत्येक वस्तूसमोर तीन आकडे असतात: किती आडवी, किती उभी, किती आत. त्या लांबलचक यादीत एकच ओळ बदललेली होती. आकडे होते 412. आणि 95. आणि 30. प्रत्येक आकड्यापुढे एक टिंब.

ते टिंब मी ओळखलं. अण्णा शेवटची काही वर्षं सीएनसीवर होते. सीएनसी म्हणजे आकडे वाचून आपोआप चालणारं मशीन. त्यांच्या मशीनला पन्नास मिलिमीटर सांगायचे तर पन्नास लिहून पुढे टिंब द्यावं लागे. टिंब विसरलं तर मशीन त्याला पन्नास मायक्रॉन समजे, म्हणजे केसाएवढं, आणि मग जॉब तरी वाया जाई नाहीतर हत्यार तरी. त्यामुळे त्या माणसांच्या हाताला टिंबाची सवयच लागते. आमच्या घरी भाजीच्या यादीतसुद्धा अण्णा 'बटाटे 2. किलो' लिहायचे आणि आई दर वेळी हसायची.

म्हणजे चोर सीएनसीवाला होता. आता त्याने हलवलं काय होतं ते पाहिलं. ती ओळ चकच्या चावीची होती.

लेथला पुढे एक गोल जबडा असतो, त्याला चक म्हणतात. तो जॉब घट्ट धरून फिरतो. चक आवळायला एक जड, इंग्रजी टी अक्षरासारखी चावी असते. आवळून झालं की चावी काढायची. ती तशीच राहिली आणि मशीन सुरू केलं, तर चावी गोळीसारखी सुटते. वर्कशॉपमध्ये पहिल्या दिवशी पहिला धडा हाच असतो. आमच्या गेममध्ये चावी चकमध्येच होती. मशीन सुरू केलं की ती चकबरोबर गरागरा फिरायची. मला ते छान दिसलं होतं. त्या माणसाने ती चकमधून काढून शेजारच्या ट्रेवर ठेवली होती. बाकी कशालाही हात लावला नव्हता.

टर्नरच्या मुलीने ही चूक केली होती. अण्णा असते तर ओरडले नसते. ते ओरडायचे नाहीत आणि कौतुकही करायचे नाहीत. दहावीचा निकाल दाखवला तेव्हाही, जॉब मायक्रोमीटरने मोजल्यावर म्हणत तेच म्हणाले होते: "बरोबर आहे."

मग मला सपोर्टचा इनबॉक्स आठवला. गेममध्ये काही बिघडलं तर लोकांनी जिथे मेल पाठवायचा, तो पत्ता. निखिलला वाटे मी बघते, मला वाटे तो बघतो. लाँचनंतर तिसऱ्या दिवशीचा एक मेल तिथे न उघडता पडलेला होता.

"नमस्कार. गेम विकत घेतला. लई छान आहे. आमच्या ट्रेनिंगच्या पोरांना दाखवणार होतो. पण चकमध्ये चावी राहिली आहे. पोरं चुकीचं शिकतील. कृपया काढा. बालाजी सूर्यवंशी, कुरुळी." खाली मोबाइल नंबर.

निखिलला मी काहीच सांगितलं नाही. रविवारी गाडी काढली आणि मोशीच्या पुढे चाकण रस्त्याला लागले.

कुरुळीत एका दारात बसलेल्या आजोबांना सूर्यवंशींचं घर विचारलं. "व्हय, ट्रेनिंगवाले सर न्हवं? आमच्याच वरच्या मजल्यावर ऱ्हात्यात," ते म्हणाले आणि हातातल्या काठीने जिना दाखवला.

बालाजी सर माझ्याच वयाचे निघाले. मूळचे लातूरकडचे, इथे एका कारखान्यात नव्या पोरांना मशीन शिकवणारे. डाव्या भुवईतून गालापर्यंत एक जुना व्रण होता, आणि तो डोळा माझ्याकडे असूनही माझ्याकडे पाहत नव्हता. त्यांच्या बायकोने चहा आणि चुरमुऱ्यांचा सुशीला आणून ठेवला. गेमवाल्या मॅडम खुद्द घरी आल्या म्हणून दोघं इतकी खूश होती, की मला विषय काढवेना.

"सर, गेमची कॉपी तुम्ही नेटवर टाकलीत का?" शेवटी विचारून टाकलं.

"टाकली की. ग्रुपवर. माझी वीस पोरं हायेत ट्रेनिंगला, त्यांच्यासाठी." चेहऱ्यावर लपवाछपवी औषधालाही नव्हती. "तुमचं उत्तर आलं न्हाई. मग मीच फाइल उघडून बगितली. एक्स, वाय, झेडच हाय म्हणलं, आपलंच काम. काढली चावी अन् दिली पोरांना. का हो, बिघडलं का काई?"

"ती ग्रुपमधून बाहेर गेली. सगळीकडे फिरतेय. आमचे साहेब उद्या पोलिसात तक्रार देणार आहेत."

त्यांनी कप खाली ठेवला. बायको दारातच थांबली.

"पोलिसात? मॅडम, मी विकत घेतलाय. पावती हाय माझ्याकडं." आवाज एकदम खाली गेला. "माझं दरवर्षी कॉन्ट्रॅक्ट नवीन होतंय. पोलिसात नाव गेलं तर गेटच्या आत घेत न्हाईत. एका डोळ्याच्या माणसाला दुसरीकडं कोण घेणार?"

मला कॉपीराइट त्यांच्या भाषेत समजावून सांगायचा होता. मग त्यांच्याच कारखान्यातलं एक आठवलं.

"सर, तुमच्या टूल स्टोअरमधून मायक्रोमीटर घ्यायचा तर काय करता?"

"टोकन टाकायचं. आपल्या नंबरचा बिल्ला. एक टोकन, एक मायक्रोमीटर."

"तो तुमच्याकडे असताना दुसऱ्याला हवा असेल तर?"

"थांबायचं. न्हाईतर कंपनीनं दुसरा घ्यायचा."

"तुम्ही एक टोकन टाकलंत आणि वीस मायक्रोमीटर वाटलेत. वाटताना तुमचा कमी झाला नाही, म्हणून ते तुम्हाला जाणवलं नाही."

"हे डोक्यातच आलं न्हाई बगा," ते म्हणाले. लगेच फोन काढला, माझ्यासमोर ग्रुपवरची लिंक उडवली, आणि खाली लिहिलं की माझं चुकलं, ज्याला खेळायचा त्याने विकत घ्यावा. मग विचारलं, "अन् बाहेर गेलेलं कसं गोळा करायचं?"

"ते होत नाही."

त्यांना इतकं वाईट वाटलं, की मलाही खरं बोलावंसं वाटलं. मी सांगितलं की मी थ्रीडी शिकले ती चोरीच्या सीडीवर. तेव्हा त्या सॉफ्टवेअरची किंमत अण्णांच्या वर्षाच्या पगाराहून जास्त होती. आता दरवर्षी रीतसर पैसे भरते. पण ती सीडी नसती तर आज मी त्यांच्या घरी बसलेली नसते. हे मी निखिललाही कधी सांगितलेलं नाही. चोरीचं समर्थन म्हणून सांगत नाहीये. फक्त, चोर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जो चेहरा येतो, तो मला माझाच दिसतो.

"चावीचं एवढं का लागलं तुम्हाला?" मी विचारलं.

त्यांनी बोट भुवईवर ठेवलं. "जॉब लावला. कुणीतरी हाक मारली. तिकडं बगत बगत मशीन चालू केलं. दुसऱ्या कुणाची चूक न्हाई, मीच ठेवलती चावी. अन् तुमच्या गेममध्ये ती फिरायली बगून पोरं हसायली. हसायची गोष्ट न्हाई ती, मॅडम."

मी मोबाइलमधला फोटो काढून त्यांच्यापुढे धरला. अण्णांचा मशीनवरचा एकुलता एक फोटो. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. गेममधला लेथ मी या फोटोवरूनच बनवला होता. "हे माझे वडील. एकतीस वर्षांचा अनुभव, आणि फोटोत बघा, चावी चकमध्येच आहे. मी तशीच घेतली."

बालाजी सरांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि चांगल्या डोळ्याजवळ नेला.

"ह्यांची काई चूक न्हाई," ते हळूच म्हणाले. "हात हाय की चावीवर. आवळायलेत ते. हात हाय तवर चावी बरोबर हाय. तुमी हात काढला अन् चावी तशीच ठेवली."

खरंच तसं होतं. खेळणारा स्वतःच टर्नर, मग दुसऱ्याचा हात कशाला, म्हणून मी अण्णांचा हात काढून टाकला होता. तो फोटो मी वर्षभर रोज आठ तास पाहिला होता. चकचे दात मोजले, ऑइलचे डाग मोजले, पण हात कशासाठी तिथे आहे ते मला दिसलं नाही. मी त्या परक्या घरात रडले. बालाजी सरांच्या बायकोने काही न विचारता माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

सोमवारी निखिलपुढे मी आधी तो मेल ठेवला, मग बाकीचं सांगितलं.

"हा मेल तिसऱ्या दिवसाचा आहे," तो म्हणाला.

"हो."

"उत्तर कुणी द्यायचं होतं?"

"तू. नाहीतर मी."

तो उठून खिडकीशी गेला, परत आला. "त्याने आपल्याला आधी सांगितलं होतं. विकत घेऊन सांगितलं होतं."

"तक्रार?"

"नाही देत. पण फुकटही नाही देणार. ट्रेनिंगवाल्यांसाठी वेगळं लायसन्स करू. पूर्ण वर्गाची एक किंमत." जरा थांबून म्हणाला, "आणि कमी ठेवू. तुम्ही म्हणणारच होतात."

बालाजी सरांच्या कंपनीने लायसन्स घ्यायचं तत्त्वतः मान्य केलं आहे. फाइल परचेस खात्याकडे आहे, म्हणजे आहे. वीस पोरांपैकी काहींनी गेम विकत घेतला, काहींनी नुसती मान डोलावली. सपोर्टचा इनबॉक्स आता मी रोज सकाळी चहाच्या आधी उघडते.

दोन आठवडे खपून मी एक हात बनवला. दोन घड्या घातलेली बाही, तर्जनीचं काळं पडलेलं नख, मनगटावर उलटं बांधलेलं घड्याळ. आता गेममध्ये माऊसचं बटण दाबून धरलं की तो हात चावी चकला लावून आवळतो. बटण सोडलं की हात चावी घेऊनच बाहेर येतो आणि ती ट्रेवर ठेवतो. त्याशिवाय मशीन सुरूच होत नाही.

अपडेट गेल्यावर दुसऱ्या सकाळी कुरुळीहून दोन शब्दांचा मेल आला: "बरोबर आहे." मी तो प्रिंट काढून टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे, फोटोच्या शेजारी.

चोरीची कॉपी अजून फिरतेच आहे. ती आता कुणाला गोळा करता येणार नाही. तिच्यात चावी ट्रेवर आहे, पण अण्णांचा हात नाही. हात हवा असेल तर तीनशे एकोणपन्नास रुपये पडतात.