सुभाषच्या खळ्यावरचा ढग

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, धाकट्या भावाजवळ तर नाहीच — त्याला अर्धं ठाऊक आहे, आणि त्या अर्ध्यामुळे आम्ही एकमेकांच्या नजरेला नजर देत नाही. तुम्ही अनोळखी आहात, म्हणून सांगतोय.

मी नांदेडला भूगोल शिकवतो. गाव हिमायतनगरकडे. उपग्रहाची चित्रं बघायचा नाद मला मोबाइलमुळे लागला. उन्हाळ्यात दुपार कलली की एखाद्या शिवारावर छोटासा पांढरा ठिपका उगवतो. पुढच्या चित्रात तो फुगलेला असतो. ठिपका जितका पांढरा तितका ढगाचा माथा थंड, जितका थंड तितका ढग उंच, आणि असा झपाट्याने वर गेलेला ढग थोड्या वेळात सर टाकतो. वीजही टाकतो. गावाकडे त्या दिवसांत शिजवलेली हळद खळ्यावर वाळत असते. भिजली की मातीमोल. म्हणून ज्याच्या शिवारावर ठिपका दिसेल, त्याला मी मेसेज करायचो — हळद झाक, घर गाठ.

सुभाष माझा शाळेपासूनचा दोस्त. बुद्धविहाराला लागून त्याचं घर, आणि ओढ्यापलीकडे आमच्या रानाला लागून त्याचं छोटंसं रान. माझ्या मेसेजवर पहिला विश्वास त्यानेच ठेवला. उत्तर नेहमी एका शब्दाचं — बघितलं.

मग एकदा माझा ढग वाटेतच विरला. सुभाषने सगळी हळद गोळा केली आणि थेंब पडला नाही. दुसऱ्या दिवशी मी गावी गेलो, तेव्हा स्टँडवरच्या हॉटेलात तो चारचौघांत म्हणाला, "सरचा ढग लई शिकलेला हाय, गावात उतरतच न्हाई!" सगळे हसले. मीही हसलो. पण मला लागलं. एवढ्याशा गोष्टीचं काय लागायचं? पण लागलं, फार लागलं.

त्यानंतर आठवडाभरातच तो दिवस आला. मी कॉलेजात, पंख्याखाली बसलेलो. चित्र उघडलं — नेमका ओढ्यावर ठिपका. पुढच्या चित्रात तो इतका पांढरा झाला की मी फोन जरा लांब धरला. वरून बघताना वादळाला आवाज नसतो. खाली माणसं आहेत, गुरं आहेत, हे त्या पांढऱ्यात कुठेच दिसत नाही.

मी भावाला फोन केला. म्हणालो, हळद झाक आणि तडक घरी जा.

"सुभाषला सांगू का?" त्याने विचारलं.

"थांब. पुढचं चित्र येऊ दे."

हे मी म्हणालो. माझी खात्री नव्हती असं आता कोणत्या तोंडाने म्हणू? खात्री नव्हती, तर भावाला का पळवलं? मला फक्त सुभाषला पुन्हा हसायची संधी द्यायची नव्हती.

पुढचं चित्र आलं. आता सगळं शिवारच पांढरं होतं. मी मेसेज लिहायला घेतला, तेवढ्यात भावाचा फोन आला. वीज पडली होती. सुभाष ताडपत्री ओढत होता. तिचं एक टोक त्याच्या हातातच राहिलं होतं.

उपग्रहाचं चित्र आपल्यापर्यंत पोचतं तेव्हा जुनं झालेलं असतं. ते शेवटचं चित्र माझ्याकडे अजून आहे. त्या पांढऱ्याच्या खाली तो तेव्हा उभा होता, की पडलेला होता? मी ते मोठं करून करून बघतो. पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही.

माती झाल्यावर त्याची बायको, कमलताई, माझ्याजवळ आली. रडत नव्हती. म्हणाली, "सर, तुमचा मेसेज आला न्हाई का ओ त्यान्ला?"

मी म्हणालो, "टाकला होता ताई. रेंज नसेल."

"मंग आता येईल का त्यो?"

आणि मी — येईल, म्हणालो.

तेव्हापासून सुभाषचा फोन ती बंद पडू देत नाही. पोटाला चिमटा काढून रिचार्ज मारते. भाऊ सांगतो, दिवस मावळायच्या आधी ती फोन घेऊन माळावर जाते, कारण तिथे रेंज चांगली असते. अंधार पडला की खाली येते. भाऊ मला एवढं सांगतो आणि फोन ठेवतो.

अंदाज मी अजूनही टाकतो. सुभाषचा नंबर यादीतून काढायचा मला धीर झाला नाही. ढग ओढ्यावर चढला की त्यालाही मेसेज जातो, आणि लगेच सुभाषच्या नावाने उत्तर येतं — बघितलं. पहिल्यांदा आलं तेव्हा माझ्या हातातून फोन पडला होता. आता पडत नाही. आता तर मी त्या उत्तराची वाट बघतो, आणि याचीच मला जास्त भीती वाटते.

परवा पुन्हा ठिपका दिसला. मेसेज टाकला. उत्तर आलं — बघितलं. थोड्या वेळाने त्याच्याखाली आणखी एक ओळ आली.

त्या दिवसाचा अजून आला न्हाई, सर.

तो मी पाठवलाच नव्हता.