लग्नाआधीचं नाव

कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास आला की मला अकोल्यातलं ते नेट कॅफे आठवतं. कापसाचं पीक बुडाल्यावर नवरा कामासाठी सुरतेला गेला आणि मी भाड्याच्या खोलीत एकटी राहून, रोज त्या कॅफेत जाऊन ब्लॉग लिहू लागले. लग्नात बदललेलं माझं जुनं नाव मी डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता म्हणून विकत घेतलं आणि एका दुपारी कॅफेत बसून ब्लॉगला जोडलं. पान उघडेना. कॅफे चालवणाऱ्या भाभी म्हणाल्या, "नवा पत्ता चालू व्हायले टाइम लागते, बसा." बऱ्याच वेळानं पान उघडलं. "हे कोन हाय?" भाभींनी नाव वाचून विचारलं. "मीच." "मंग आजवर सांगतलं काहून नाई?" "कोणी विचारलंच नाही." निघताना त्यांनी मला त्याच नावानं हाक मारून पाणी दिलं, तेव्हा मला पटकन ओ देता आली नाही. आता तो ब्लॉग पुष्कळ जण वाचतात, पण त्या नावानं हाक मारणारं आसपास कोणीच नाही.