केक पाडण्याचा मान

सान तोरिबिओ गावात कुणालाही विचारा, एर्लिंदा कुआउत्ले कोण. तिच्या सिनेमांना परदेशात मिळालेली बक्षिसं कुणी सांगणार नाही. सांगतील ते असं, "आमच्या नेलीच्या पंधराव्या वाढदिवसाचं शूटिंग तिनंच केलेलं. पण कापाकापी फार केली बाई. आमची नेली दोन मिनिटं, आणि तिची आत्या अर्धा तास."

तक्रार खरी आहे. एकोणिसाव्या वर्षी एर्लिंदानं मामाचा जुना व्हिडिओ कॅमेरा खांद्यावर घेतला आणि पुढची बारा वर्षं पंचक्रोशीतली लग्नं, बाप्तिस्मे आणि मुलींची पंधरावी वर्षं टिपली. सिनेमा शिकवणारी शाळा राजधानीत होती आणि एर्लिंदा सान तोरिबिओत. दोघींपैकी कुणीच जागची हलली नाही. पण लग्नाच्या मांडवात तिला एक गोष्ट फार लवकर उमगली. नवरा-नवरी कॅमेरा दिसला की गोठतात, त्यांच्याकडे बघण्यात वेळ फुकट जातो. मागच्या टेबलावर बसून "मोलेचा रस्सा अजून का वाढत नाहीत" म्हणून मान लांब करणारी बाई, ती खरी. गिऱ्हाइकं कुरकुरत, कॅसेट घरी नेत आणि वर्षभर तीच लावून पोट धरून हसत. पुढच्या कार्याला बोलावणं पुन्हा एर्लिंदालाच.

एकतिसाव्या वर्षी तिनं सिनेमा काढायचं ठरवलं. कुणाचा सल्ला घेतला नाही. सरळ जाहीर केलं. गोष्ट साधी होती. एक म्हातारा बेकरीवाला, मुलीशी नऊ वर्षं अबोला. मुलीचं लग्न ठरल्याचं उडत उडत कानावर येतं तेव्हा तो पाच मजली केक करतो, पिकअपमध्ये चढवतो आणि डोंगर ओलांडून निघतो. वाटेत नाना विघ्नं. शेवटी मांडवाच्या दारात केक चिखलात पडतो, मुलगी खळखळून हसते आणि अबोला सुटतो.

सिनेमा उभा कसा करायचा, हा प्रश्न तिला पडलाच नाही. सान तोरिबिओत कार्य एका घरचं असतं आणि ते पेलायचं साऱ्या गावानं. जो ज्या वस्तूचा खर्च उचलेल तो तिचा मानकरी. खुर्च्यांचा वेगळा, वाजंत्र्यांचा वेगळा, नवरीच्या बुटांचासुद्धा वेगळा. एर्लिंदानं गोड पाव आणि फळांची टोपली भरली आणि रीतीप्रमाणे दारोदार गेली. टोपली घेऊन आलेल्याला नाही म्हणत नाहीत. दिव्यांचा मान गिरणीवाल्यानं घेतला, पिकअपचा खाटकानं, तीस माणसांच्या जेवणाचा तिच्याच मावशीनं. बँड डॉन सेवेरोंनी दिला. केकचा मान मिळाला दोन्या ओबदुलियांना. (डॉन म्हणजे आपले राव, दोन्या म्हणजे बाईसाहेब.)

दोन्या ओबदुलिया म्हणजे गावातलं वजनदार प्रस्थ, सर्व अर्थांनी. त्यांनी केक असा करून घेतला की बघणाऱ्याची मान दुखावी. पाच मजले, मजल्यामजल्याला जोडणारे जिने, जिन्यांवर इवल्या इवल्या करवल्या आणि मधोमध चालतं कारंजं. शूटिंगच्या शेवटच्या दिवशी त्या स्वतः मखमली झगा घालून केकमागोमाग मांडवाच्या अंगणात आल्या.

आणि इथं एर्लिंदाची चूक उघडी पडली. टोपली तिनं वेळेवर नेली होती, पण गोष्टीचा शेवट सांगायचा राहिला होता.

"पडणार म्हणजे? काय पडणार?" दोन्या ओबदुलियांनी विचारलं.

"केक, दोन्या."

"माझा?"

मग त्यांनी खुर्ची ओढली, केकसमोर ठेवली आणि तिच्यावर बसल्या. "हे बघ पोरी, मानकरीण हो म्हणून तू माझ्या दारात आलीस. मी झाले. मानकरणीचा केक कापतात, वाटतात, उरला तर डब्यात भरून घरी नेतात. चिखलात घालत नाहीत. उद्या बाजारात बायका म्हणतील, ओबदुलियाचा केक धड उभासुद्धा राहिला नाही."

दुपार उतरायला लागली होती. राजधानीतून उसना आणलेला कॅमेरा संध्याकाळच्या बसनं परत जायचा होता, आणि त्याच बसनं नवरी झालेली नटीही. केक पडला नाही तर बाप आणि मुलगी एकमेकांकडे बघत उभी राहणार आणि सिनेमा तिथंच संपल्यासारखा. कॅमेऱ्याबरोबर राजधानीतून आलेला कॅमेरावाला नाबोर कानाशी येऊन म्हणाला, की म्हातारीला जेवायला पाठवू, तेवढ्यात उरकून घेऊ, माफी मागाहून मागता येईल. एर्लिंदानं त्याला समजावलं की तो बसनं जाणार आहे, तिला इथंच राहायचं आहे.

दोन्या ओबदुलियांकडे बघता बघता तिला उमगलं. केक पडतोय याचं या बाईला दुःख नव्हतं. तो बेवारशासारखा पडतोय, याचं होतं. खुर्च्यांना मानकरी, बुटांना मानकरी, आणि पडण्याला कुणीच नाही?

एर्लिंदा निघाली. पाव आणले, पेरू आणले, टोपली भरली आणि सगळं अंगण ओलांडून सावकाश चालत डॉन सेवेरोंपुढं जाऊन उभी राहिली. डॉन सेवेरो आणि दोन्या ओबदुलिया यांचं जत्रेतल्या मिरवणुकीत पुढं कुणी चालायचं यावरून फाटलं होतं, हे गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं.

"डॉन सेवेरो," ती साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "केक पाडण्याचे मानकरी व्हाल का?"

डॉन सेवेरोंनी टोपी काढून छातीशी धरली. एवढा मोठा मान, घरात विचारावं लागेल, असं काहीतरी पुटपुटले. मग केक पडताना बँडनं संथ चाल धरायची की जलद, याची चौकशी करू लागले. टोपलीला त्यांचा हात लागला होता, एवढ्यात मखमल सळसळली.

"हा पाडणार?" दोन्या ओबदुलियांनी टोपली त्यांच्या हातातून काढून घेतली. "याला साधं ताट धरता येत नाही, आणि हा माझा केक पाडणार?"

"मग कोण पाडणार, दोन्या?"

"मानकरीण अजून जिवंत आहे."

एर्लिंदानं जागच्या जागी गोष्टीत एक शेजारीण घातली. ती पिकअपमधून केक उतरवून घ्यायला येते, आणि केक तिच्या हातून सुटतो. नाबोरला तिनं बजावलं, की एकदाच होणार आहे, कॅमेरा मी सांगेपर्यंत थांबवायचा नाही.

दोन्या ओबदुलियांनी क्रूसाची खूण केली. बँडवाल्यांनी टोप्या काढल्या. मग दोन्यांनी केकखालची फळी उचलली, कॅमेऱ्याकडे तोंड नीट केलं आणि केक असा सोडला, जसं पोराला पाळण्यात निजवावं. मजल्यामागून मजला रीतसर गेला. करवल्या गेल्या, जिने गेले. कारंजं मात्र चिखलात आडवं पडूनही उडत राहिलं.

बेकरीवाला आपलं वाक्य विसरला. नटी हसायचं विसरली. दोन्या ओबदुलियांनी ते सगळं क्षणभर न्याहाळलं आणि बेकरीवाल्यावर डोळे वटारले.

"बघत काय उभा राहिलास? वरचा थर स्वच्छ आहे. चमचे आण."

तेव्हा मात्र नवरी हसली. पांढऱ्या झग्यानिशी चिखलात बसली आणि हसता हसता बापाला हात करून बोलावू लागली. एर्लिंदानं फिल्म संपेपर्यंत कॅमेरा थांबवू दिला नाही.

सिनेमा पहिल्यांदा दाखवला तो चर्चच्या अंगणात, पांढऱ्या चादरीवर. शेवटी मानकऱ्यांची यादी आली, खुर्च्यांपासून बुटांपर्यंत, आणि आपलं नाव येईतो कुणी उठलं नाही. दोन्या ओबदुलियांचं नाव दोनदा आलं, एकदा केकसाठी आणि एकदा त्याच्या पडण्यासाठी. दुसऱ्या खेपेला त्या उभ्या राहिल्या आणि मागे वळून सगळ्यांकडे एकदा बघून बसल्या.

डॉन सेवेरो अजूनही म्हणतात, मी पाडला असता तर याहून बरा पडला असता.