समुद्राकाठी रोडग्यांचा नैवेद्य

देवावर माझी श्रद्धा होती, पण मायच्या नवसावर नव्हती, हे आधीच कबूल करतो. मागच्या वर्षी तिचं कमरेचं हाड मोडलं आणि अमरावतीला राजापेठेतल्या एका दवाखान्यात ती दीड महिना पडून होती. खाटेसमोर भिंतीवर एक कॅलेंडर होतं. त्यावर समुद्र, पिवळी वाळू आणि मागे झाडांची दाट रांग. पूर्णा नदीहून मोठं पाणी उभ्या जन्मात न पाहिलेली माझी माय त्या चित्राकडे बघता बघता नवस बोलून बसली : आपल्या पायांनी चालले, तर अशा पाण्याकाठी घरच्या बाळकृष्णाला रोडग्यांचा नैवेद्य दाखवीन. डॉक्टरांनी तिच्या चालण्याची फारशी आशा दिली नव्हती, मी तर तेवढीही धरली नव्हती. आणि चौथ्या महिन्यात ही बाई अंगणात अशी चालू लागली, की कोंबड्यांनी आपले रस्ते बदलले. मी म्हटलं, गोळ्यांचा गुण आहे. ती म्हणाली, "गोळ्याइले नवस बोलली नवती मी. तिकीट काढ."

आता रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे. गॅसवर भाजलेले देवाला चालत नाहीत, आणि परक्या गावच्या गोवऱ्या मायला चालत नाहीत. म्हणून बार्शीटाकळीजवळच्या आमच्या खेड्यातून माय, बायको, सात वर्षांची छकुली आणि मी असे चौघे निघालो, तेव्हा बरोबर गोवऱ्यांची दोन पोती होती. अकोल्याला गाडीत चढताना तपासनिसानं विचारलं, "यात काय आहे?" मी सांगितलं, "साहेब, देवाचं स्वयंपाकघर." त्यानं पोत्यात नाक घातलं आणि पुढचे तीन डबे तिकीट न तपासताच गेला. पुढं भाड्याच्या जीपमध्ये एक पोतं माझ्या मांडीवर होतं. कोकणातली वळणं इतकी, की मला माझीच पाठ चार वेळा दिसली.

पण सकाळी नऊच्या सुमाराला सुरूच्या बनातून बाहेर पडलो आणि खांद्यावरचं पोतं मी तिथंच खाली ठेवलं. मऊ वाळू, मोकळा किनारा, लांबवर दोन-तीन कुटुंबं आणि पाणी इतकं उथळ, की छकुली आत पळत गेली तरी गुडघ्याइतकंच. मागे सुरूची झाडं वाऱ्यात एकसारखी सूं सूं करत होती. मायनं चप्पल काढली, वाळूला हात लावून कपाळाला लावला आणि कितीतरी वेळ नुसती बघत राहिली.

चूक झाली ती इथं, आणि ती वऱ्हाडी माणसाशिवाय कोणी करणार नाही. आमच्याकडे रोडग्यांचा बेत नदीच्या पात्रात, वाळूवर, पाण्याच्या अगदी कडेला मांडतात. पूर्णेचं पाणी सकाळी जिथं असतं तिथंच संध्याकाळी असतं, मे महिन्यात तर तेवढंही नसतं. मी त्याच हिशेबानं लाटांपासून दहा पावलांवर जागा धरली. बायको म्हणाली, "जरा वर मांडा नं." मी म्हटलं, "नैवेद्य पाण्याकाठी बोलली हाये माय, झाडाखाली नाई." खळगा केला, एक पोतं गोवऱ्या पेटवल्या, शेजारी वाळूचा ओटा करून त्यावर बाळकृष्ण बसवला. अंगठ्याएवढा पितळी देव. मायच्या सासूनं तिला दिलेला, चाळीस वर्षं रोज तिच्या हातची आंघोळ घेणारा. मग कणीक मळायला सगळे बनाच्या सावलीत गेलो. गप्पांत किती वेळ गेला कळलं नाही. छकुली ओरडली, "बाबा, नदी आपल्या अंगावर येऊन राहिली!"

मी धावलो. असा धावलो, की माझी सावली मागे राहिली. पण निखारे चर्र करून विझले होते, ओटा विरघळला होता आणि देवाच्या जागी फेस होता. मी कमरेइतक्या पाण्यात उभा राहून हात घालत राहिलो. हाती आलं ते शेवाळ आणि अर्धी गोवरी. परत आलो तेव्हा मायकडे बघायची हिंमत नव्हती. हाड मोडलं तेव्हा न रडलेली माय पदर तोंडाला लावून बसली होती. आमची परतीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी होती.

दुपारी पाणी मागे हटू लागलं आणि मी फावड्यासारखे हात चालवत सुटलो. इथं खण, तिथं खण. मी खणलेल्या वाळूत तिवशापासून अमरावतीपर्यंतचे खड्डे बुजले असते. बायको म्हणाली, "विहीर खोदून राहिले का देव शोधून राहिले?" मी तिच्यावर खेकसलो, पण खरं तर रडकुंडीला आलो होतो. मनात देवाशी भांडत होतो : मायचं काय चुकलं? शिक्षा द्यायची तर मला दे.

तेवढ्यात शिंपले वेचणारी एक म्हातारी टोपली घेऊन समोर आली. मी सगळं सांगितलं. तिनं एकवार बनाकडे, एकवार पाण्याकडे पाहिलं, पुढ्यातल्या वाळूकडे हात केला आणि म्हणाली, "जड वस्तू पाणी नेत नाही, गाडून ठेवतं. दमलाव तुम्ही. बसा इथं जरा." मी म्हटलं, "बसून कसं चालन, मावशे?" ती म्हणाली, "न बसून तरी कुठं चाललंय?"

मागून मायचा आवाज आला. ती उठून आली होती, आणि डोळे कोरडे होते. "बस रे बाप्पा. मी त्याले रोज तांब्याभर पाण्यानं धुवत होती. आज त्याले मोठी आंघोळ करावी वाटली असन. आला त आपला, नाई आला त हे पाणी त्याचं घर."

तिनं सोडलं, हे मला तिच्या आवाजात ऐकू आलं. मग म्हातारीनं दाखवलेल्या जागी मीही धपकन बसलो. बसलो आणि किंचाळून उठलो. काहीतरी टोचलं होतं. वाळू बाजूला केली, तर बाळकृष्णाचा लोणी धरलेला हात वर! देव भेटण्याच्या पुष्कळ जागा ऐकल्या आहेत, पण माझा अनुभव कीर्तनात सांगायची सोय नाही. माय हसली. इतकी हसली, की पोट धरून वाळूत बसली. बायको हसता हसता रडत होती आणि छकुली देवाला विचारत होती, "पोहता येते का तुले?"

मी म्हातारीच्या पाया पडायला वळलो. ती लांब गेली होती, वाकून शिंपले वेचत. तिला जागा ठाऊक होती की तिनं सहज हात दाखवला, मी विचारलं नाही. दुसरं पोतं बनाच्या बाहेर, वरच्या कोरड्या वाळूवर पेटवलं. उन्हं कलताना रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण असा नैवेद्य झाला. पहिला तुपात बुडवलेला रोडगा माय स्वतः चालत त्या म्हातारीला देऊन आली. किनाऱ्यावरची सगळी कुटुंबं जेवली. एक पोरगी सहा रोडगे खाऊन समुद्राला म्हणाली, आता तू सरक.

तेव्हापासून पूजेला बसलो की मी आधी काही मागत नाही. हात मांडीवर ठेवून नुसता बसतो. बायको म्हणते, "झोपले पाहा." झोपत असेन. शोधायचं काम मी त्याच्याकडे सोपवलं आहे, आणि तो माझ्याहून बरं शोधतो.