प्रवासात सांगितलेलं

अमेरिकेत, पार्सिपनीतल्या एका औषधांच्या दुकानात शैलजा वरखेडकर सव्वीस वर्षं काउंटरमागे उभ्या राहिल्या. कोण झोपेच्या गोळ्या घेतं, कुणाच्या घरी कसलं दुखणं आहे, हे त्यांना पाठ असायचं. पण मराठी मंडळाच्या गणपतीत त्याच माणसांशेजारी बसून मोदक खाताना त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नसे. नवरा गेला, मग दुकानही सुटलं, आणि त्रेसष्टाव्या वर्षी बाईंनी एकटीने फिरायला सुरुवात केली. सिएटलहून मुलगा निमिष फोनवर वैतागायचा, "आई, ग्रुप टूर घे ना यार!" पण ग्रुपमध्ये माणसं आपापल्या घरच्यांशीच बोलतात, हे बाईंना माहीत होतं. एकट्या बाईशी मात्र कुणीही बोलतं.

आणि बोलायचे लोक. सव्हाना शहरातल्या एका बाकावर एका निवृत्त दंतवैद्याने त्यांना सांगितलं, की त्याला एक मुलगी आहे आणि ते त्याच्या बायकोला माहीत नाही. मेन राज्यात बोटीवर भेटलेली एक बाई तर नाव सांगायच्या आधी रडली. उद्या आपण पुन्हा भेटणार नाही, या भरवशावर माणसं मन मोकळं करत. बाई ऐकत, डब्यातला लाडू पुढे करत, आणि ऐकलेलं तिथेच सोडून येत. याचा त्यांना मनातून अभिमान होता.

चौथा प्रवास ॲरिझोनाचा. शिकागोहून रेल्वेने फ्लॅगस्टाफ, तिथून ग्रँड कॅन्यन. मोटेलमध्ये सकाळी नाश्त्याला त्या बहिणीशी, नागपूरच्या रेणूशी, फोनवर बोलत होत्या. फोन ठेवला तर समोर पिवळी टोपी घातलेली एक मुलगी हसत उभी.

"मावशी, तुम्ही नागपूरच्या? मी पण! लक्ष्मीनगर!"

ती प्रीता. आई लक्ष्मीनगरात शिवणक्लास घेते, हेही तिने लगेच सांगून टाकलं. नवरा श्रीरंग पुण्याचा. दोघं जर्सी सिटीत राहायची, मॅनहॅटनला नोकरीला जायची. बाई शटल बसने फिरणार आहेत हे कळल्यावर प्रीताने हातच धरला. "शटल कॅन्सल करा. आमच्या गाडीत जागा आहे. तीन दिवस तुम्ही आमच्या."

दोन दिवस फार सुखाचे गेले. बाईंनी दशम्या आणि तिळाची चटणी आणली होती, ती सेडोनाच्या लाल डोंगरांसमोर तिघांनी खाल्ली. श्रीरंग म्हणाला, असं खाऊन तीन वर्षं झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गाडीत पेट्रोल भरायला गेला असताना प्रीता मोटेलच्या अंगणात बाईंच्या पायाशी येऊन बसली. "मावशी, डोकं दाबून द्याल?" बाईंनी खोबरेल तेल आणलं. केसांत बोटं फिरायला लागली आणि पोरीचे खांदे हलायला लागले.

"दोन वर्षांपूर्वी बाबा गेले ना, तेव्हा मी गेले नाही," ती म्हणाली. "आईला सांगितलं, व्हिसाचं स्टॅम्पिंग एक्स्पायर झालंय, गेले तर परत येता येणार नाही. ती सगळ्यांना तेच सांगते. माझ्या पोरीला येऊ दिलं नाही हो त्या सरकारने, म्हणते. स्टॅम्पिंग व्हॅलिड होतं, मावशी. त्या आठवड्यात माझं प्रमोशन ठरणार होतं. मी तिकीट बघितलंसुद्धा नाही. श्रीरंगलाही माहीत नाही हे."

बाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. "मला सांगितलंस ना, आता इथेच सोड," त्या म्हणाल्या. आणि त्या क्षणी ते त्यांनी मनापासूनच म्हटलं होतं.

तिसऱ्या दिवशी कॅन्यन. काठावर उभं राहून बघावं आणि परतावं, एवढीच बाईंची इच्छा होती. डावा गुडघा बरा नव्हता. पण प्रीताने ऐकलं नाही. "चला हो मावशी, दीड मैल तर आहे. उतारच आहे सगळा!" उतार होता, म्हणून बाई उतरल्या. दीड मैलावरच्या दगडी निवाऱ्यापाशी पोचल्या तेव्हा अकरा वाजले होते आणि खडकांतून वाफा यायला लागल्या होत्या.

चढताना गुडघा बोलू लागला. दर वळणावर बाई थांबत, दर वळणावर श्रीरंग घड्याळ बघे. तीन वाजता त्यांचं पेज गावी एका घळीच्या टूरचं बुकिंग होतं, तिथवर सव्वादोन तासांचा रस्ता.

"आपण लेट होतोय, प्रीता," तो म्हणाला. बाईंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

प्रीता जवळ आली. "मावशी, आम्ही पुढे जाऊन गाडी जवळ आणून ठेवतो हं. तुम्ही आरामात या. घाई नाही."

बाईंच्या बाटलीत चार घोट पाणी होतं. गोळ्यांची पिशवी गाडीत होती. पिवळी टोपी दोन वळणं दिसली, मग दिसेनाशी झाली.

पुढचा तास त्यांना नीट आठवत नाही. एका खडकाच्या सावलीत त्या बसल्या होत्या, तोंड कोरडं पडलं होतं, आणि वरून एक रेंजर बाई उतरत आली. तिने पाणी दिलं, खारी बिस्किटं दिली, मनगट धरून नाडी बघितली.

"एकट्याच आहात?"

"नाही," शैलजाबाई म्हणाल्या. "माझी भाची वर गाडी आणायला गेली आहे. पिवळी टोपी."

रेंजरने बाईंची बाटली भरली. मग म्हणाली, "ती मला वर भेटली. मागे तुमचं कुणी राहिलंय का, असं मी सगळ्यांनाच विचारते. एक वयस्कर बाई आहे, पण ती आमच्याबरोबर नाही, असं म्हणाली ती."

बाईंनी बिस्किट चावून चावून गिळलं. दुसरं मागून घेतलं. मग उठल्या.

वर पोचायला तीन वाजले. वाटेच्या तोंडाशी दगडी भिंतीवर त्यांची पिशवी नीट ठेवलेली होती. गोळ्या होत्या, स्वेटर होता, डबाही होता. रात्रीच्या जेवणासाठी ठेवलेल्या चार दशम्या डब्यात नव्हत्या. संध्याकाळी शटलने मोटेलवर परतल्यावर फोनला रेंज आली तेव्हा प्रीताचा मेसेज होता: सॉरी मावशी, स्लॉट गेला असता! तुम्ही रॉकस्टार आहात. जर्सी सिटीला नक्की या. खाली घळीतला दोघांचा फोटो.

बाईंनी उत्तर पाठवलं नाही. पार्सिपनीला परतल्या, कपडे धुतले, गुडघ्याला शेक दिला. आठ दिवस त्या कुणाशी फारसं बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी त्यांनी रेणूला फोन केला. "लक्ष्मीनगरात एक बाई शिवणक्लास घेतात. यजमान दोन वर्षांपूर्वी गेले, मुलगी अमेरिकेत आहे. नंबर काढून दे."

रेणूने दोन दिवसांत नंबर काढला.

सकाळचा चहा झाल्यावर बाईंनी फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती, मागे शिवणयंत्राचा आवाज येत होता. प्रीताच्या आईचा आवाज मऊ होता. अमेरिकेतून फोन म्हटल्यावर ती घाबरली, "प्रीता बरी आहे ना हो?"

"उत्तम आहे," शैलजाबाई म्हणाल्या. आणि मग औषध कधी, किती, कशाबरोबर घ्यायचं हे जितक्या स्पष्टपणे सांगत, तितक्याच स्पष्टपणे त्यांनी सगळं सांगितलं. स्टॅम्पिंग, प्रमोशन, न बघितलेलं तिकीट.

यंत्र थांबलं. प्रीताची आई म्हणाली, "त्यांनी शेवटपर्यंत दाराकडेच बघितलं हो. मी त्यांना सांगत होते, तिला येऊ देत नाहीत म्हणून." मग म्हणाली, "तुम्ही कोण?"

"प्रवासात भेटले होते," शैलजाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

चार दिवसांनी प्रीताचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"आई फोन उचलत नाही. मामा म्हणतो, तिने माझं नाव घेऊ नका म्हणून सांगितलंय. श्रीरंगला मामाकडून कळलं, तो दुसऱ्या खोलीत झोपतो. मावशी, का केलंत?"

"का केलं ते तुला माहीत आहे."

"मी तुम्हाला तासभर वाटेत सोडलं हो! चुकलं माझं. पण तुम्ही..." ती रडत म्हणाली, "मी ते फक्त तुम्हाला सांगितलं होतं."

"हो," बाई म्हणाल्या. "म्हणूनच तर मला माहीत होतं."

फोन ठेवला. त्यांनी कुकर लावला, वरणाला फोडणी दिली, आणि नेहमीपेक्षा दोन घास जास्तच जेवल्या. याचीच त्यांना मागाहून भीती वाटली.

डिसेंबरात रेणूने सांगितलं, की लक्ष्मीनगरचा शिवणक्लास बंद झाला. क्लासच्या बाई भावाकडे अमरावतीला राहायला गेल्या. जाताना शेजारणीजवळ मुलीच्या लग्नाचे फोटो देऊन गेल्या, काय हवं ते करा म्हणाल्या. शैलजाबाईंनी ऐकून घेतलं आणि थंडी कशी आहे विचारलं.

त्या अजूनही एकट्याच फिरतात. गेल्या वसंतात मोंटानाच्या गाडीत शेजारी एक तरुण बाई बसली होती. रस्ताभर खिडकीबाहेर बघून झाल्यावर ती वळली आणि हळूच म्हणाली, "तुम्हाला एक सांगू? मी हे कुणालाच सांगितलेलं नाही."

शैलजाबाईंनी मासिक मिटलं आणि तिच्याकडे बघितलं. तिचा चेहरा उघडा होता, विश्वासाने भरलेला.

"सांग," त्या म्हणाल्या, आणि ऐकायला नीट वळून बसल्या.