अंबाड्यावरची मण्यांची जाळी

आधीच सांगून ठेवते, माझं शुद्धलेखन चांगलं नाही. चौथी झाली आणि शाळा सुटली. ऱ्हस्व-दीर्घ तेव्हाही कळत नव्हतं, आजही कळत नाही. अक्षर वाकडं येतं, ओळ खाली उतरत जाते. हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही, पण माझ्यामागे कोणाच्या हाती पडलंच तर त्याने तेवढं माफ करावं. जे लिहिणार आहे त्याबद्दल मात्र माफी मागायची नाही. त्याचा मला अभिमान आहे. तोंडाने कधी कोणाला सांगता आला नाही, म्हणून कागदावर.

लग्न होऊन मी अंधेरीला आंबोलीच्या चाळीत आले ते पासष्टच्या आसपास. मिस्टर मरोळला एका कारखान्यात लेथवर होते. घरात सासूबाई. मी इतकी लाजरी की नळावरच्या बायका घरी गेल्या की मग हंडा घेऊन निघायची. दुकानात गेले तर वाण्याने दुसऱ्यांदा विचारल्याशिवाय माझा आवाज फुटत नसे. हातात मात्र एक कला होती. आईने मला मण्यांची तोरणं करायला शिकवलं होतं, मोर, पोपट, कलश. चाळीतल्या दोन-तीन दारांवर माझी तोरणं होती.

त्या काळी बायका मोठे अंबाडे घालत आणि त्याभोवती फुलांची वेणी माळत. संध्याकाळी घेतलेली वेणी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काळी पडायची. रोजचे पैसे रोज कोमेजायचे. माझ्या मनात आलं, तोरण दारावर बसतं तर वेणी अंबाड्यावर का नाही बसणार? मण्यांची वेणी. अबोलीच्या रंगाचे मणी, मधे मोगऱ्याच्या कळीसारखे पांढरे मोती, आणि मधोमध एक सोनेरी टिकली.

कागदावर काढायला जमेना. अंबाडा गोल असतो, कागद सपाट. मग मी सकाळी भिजवलेल्या कणकेचा गोळा अंबाड्याएवढा करायची आणि त्यावर मणी दाबून नक्षी बघायची. आवडली की मणी काढून धुऊन घ्यायचे आणि मग पोळ्या लाटायच्या. एकदा एक मणी राहिला तो सासूबाईंच्या दाताखाली आला. त्यांनी तो तळहातावर घेऊन बघितला आणि म्हणाल्या, "उद्या आमटीत बांगड्या निघतील बाई." मिस्टर हसले, मी नाही हसले. पण त्या दिवशीपासून सासूबाई पोळी आधी बोटांनी चाचपून बघायला लागल्या.

वेणी तयार झाली की ती बघायला डोकं लागायचं. शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी तयार असायची, पण तिला वेळ फक्त रविवारी. तिचे केस लांब, दाट, शिकेकाईने धुतलेले, भुरभुरीत. त्यावर माझी वेणी अशी शोभायची की चाळीतल्या बायका गॅलरीत येऊन बघायच्या. चार-पाच रविवार मी असं बघितलं, दोरा लांब-आखूड केला, कडेला आकडे बसवले. माझी चूक इथेच होती, पण ती तेव्हा कळली नाही.

वर्सोव्याची एक कोळीण आमच्या चाळीत मासळी घेऊन यायची. दांडगी बाई, आवाज असा की टोपली उतरायच्या आधी आवाज उतरायचा. मी दारामागून हात पुढे करून मासळी घ्यायची, त्यावरून ती मला चिडवायची. तिने एका रविवारी त्या मुलीच्या डोक्यावर वेणी बघितली. कोणी केली विचारलं, आणि सगळ्यांनी माझ्या दाराकडे बोट केलं. तिने टोपली तशीच ठेवली आणि ती सरळ माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"काय गो, दारामागची, ही तू केलीस?"

मी मान हलवली.

"इकत का नाय?"

मी कसंबसं सांगितलं की स्टेशनजवळच्या कटलरीच्या दुकानदाराला मिस्टरांनी एक दाखवली होती. तो म्हणाला, सणाआधी पन्नास करून आणा, घेतो. पण भुलेश्वरहून मणी-मोती आणायला दीडशे रुपये लागतील, आणि एवढे घरात नाहीत. ती टोपली उचलून गेली. दोन दिवसांनी आली तेव्हा कमरेच्या चंचीतून नोटा काढून माझ्या हातात दिल्या. ओलसर होत्या, मासळीचा वास येत होता. पोरीच्या लग्नासाठी साठवलेत, म्हणाली. लग्न पुढच्या उन्हाळ्यात. तोवर दे. सही नाही, साक्षीदार नाही. मी म्हटलं, "लग्नाआधी देईन." माझ्या आयुष्यात परक्या माणसाला दिलेला तो पहिला शब्द. दीडशे रुपये म्हणजे तेव्हा मिस्टरांचा जवळपास महिन्याचा पगार.

पन्नास वेण्या नारळी पौर्णिमेआधी झाल्या. दुकानदाराने काचेत मांडल्या. एक मी कोळणीला दिली, सणाला माळायला म्हणून. पौर्णिमेला वर्सोव्याच्या बायका नऊवारी लुगडी, अंगभर सोनं आणि डोक्यात फुलं घालून नारळ घेऊन समुद्रावर जातात. त्या वर्षी त्यांच्यात एक माझी वेणी जाणार होती. मला दिवसभर काम सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली ती वेणी पदरात बांधूनच. गाठ सोडली तर आत मोती नव्हते, नुसती काच होती. मोत्यांवरचा पांढरा मुलामा सोलून निघाला होता. सणाचं म्हणून तिने केसांना चांगलं चपचपीत खोबरेल घातलं होतं, आणि तेलाने मुलामा सुटून त्याचे पापुद्रे तिच्या काळ्या केसांवर पसरले. नारळ सोडताना तिची जाऊ सगळ्यांसमोर म्हणाली होती, मासली इकून इकून हिच्या डोक्याला खवलं आली. मला हे सांगताना ती स्वतःच हसत होती.

मी सगळ्या वेण्या रविवारच्या धुतलेल्या केसांवर बघितल्या होत्या. आठवड्याचे बाकी सहा दिवस बायका डोक्याला तेल लावतात, मी स्वतः लावत होते, आणि हे माझ्या ध्यानात आलं नाही. आठवड्याभरात दुकानदाराने वेण्या परत केल्या. काही विकल्या होत्या, त्यांचेही पैसे त्याला परत द्यावे लागले. मिस्टरांना म्हणाला, "भाईसाब, माल दिखने में एक नंबर, लेकिन तेल लगा की वाट लागली." ते त्यांनी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. सासूबाईंनी परत आलेल्या वेण्या उचलून खुंटीवर लटकवल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर कोळणीचा आवाज आला की मी दार लोटून घ्यायची. कितीतरी दिवस घरात मासळी आली नाही. एके दिवशी ती दार ढकलून आतच आली. मी भिंतीकडे तोंड करून उभी. पैशाचं ती काही बोलली नाही. खुंटीवर लटकवलेली एक वेणी तिने घेतली, दोन हातांत धरली आणि खस्सकन ओढली. दोरा तुटला, मणी खोलीभर झाले.

"असल्या दोऱ्यात बोंबील तरी अडकल काय गो?" ती म्हणाली. "एक तुटला की सगला गेला. आमचं जालं बघ. एक घर फाटलं तरी बाकीची घरं धरून राहतात. चल."

मी कधी एकटी कुठे गेले नव्हते. सासूबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "जा. पैसे तिचे आहेत, ती नेते तिकडे जा."

वर्सोव्याला तिच्या घरासमोर तिची सासू फाटलेलं जाळं शिवत बसली होती. तिचे डोळे अधू झाले होते, पण बोटं आपली चालत होती. तेव्हा सुताच्या जाळ्यांबरोबर नायलॉनची जाळी यायला लागली होती. म्हातारीने मला शेजारी बसवून घेतलं. नायलॉन निसरडा असतो, साधी गाठ सुटते, म्हणून दुहेरी पीळ द्यायचा. बांबूची एक चपटी पट्टी असते, तिच्यावरून दोरा घेतला की जाळ्याचं प्रत्येक घर सारख्या मापाचं येतं. मला बोलावं लागलं नाही, हेच मला तिथे आवडलं. ती माझी बोटं धरून फिरवायची, चुकलं की हातावर चापट. संध्याकाळी निघताना तिने नायलॉनच्या बारीक दोऱ्याचं एक गुंडाळं मला दिलं.

घरी आल्यावर वेणीचा विचार सोडला. अंबाड्याभोवती फिरणारी वेणी नको, अख्ख्या अंबाड्यावर बसणारी जाळीच करायची, आणि जिथे गाठ तिथे एक मणी. गाठ घालण्याआधी सुईत मणी घ्यायचा, मग दुहेरी पीळ. एक दोरा तुटला तरी एकच मणी जाणार. मिस्टरांनी कारखान्यातल्या भंगारातून एक पातळ पट्टी घासून गुळगुळीत करून आणली, माझ्या जाळीच्या मापाची. मोती बंद. मुलामा नसलेले, आरपार रंगाचे काचेचे मणी तेवढे घ्यायचे. तेही घेण्याआधी भुलेश्वरच्या दुकानातून मूठभर आणून मी वाटीत खोबरेल ओतून त्यात मुरत ठेवले. सासूबाईंनी झाकण काढून बघितलं.

"हे कसलं लोणचं?"

"मण्यांचं," मी म्हटलं. त्यांना उलट बोलले ती बहुधा पहिलीच वेळ.

चार दिवसांनी लाल मण्यांनी तेल गुलाबी केलं, ते नुसते वरून रंगवलेले निघाले. ते बाद. काळे, निळे, मधाच्या रंगाचे आणि हिरवे तसेच राहिले. तेवढेच रंग माझे.

पहिली जाळी झाली ती काळ्या आणि गडद निळ्या मण्यांची, कारण तेच मणी जास्त होते. मला ती फिकी वाटत होती. सासूबाईंनी ती हातात घेतली, उजेडाकडे धरली, बराच वेळ बघत राहिल्या. सासरे जाऊन तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली होती. तेव्हापासून त्यांच्या केसात फूल गेलं नव्हतं. मग त्यांनी हळूच विचारलं, "हे मणीच ना? फुलं नव्हेत ना?"

"मणीच," मी म्हटलं. त्यांनी पाठ माझ्याकडे केली आणि त्या खाली बसल्या. मी त्यांच्या तेल लावलेल्या, लिंबाएवढ्या अंबाड्यावर जाळी बसवली, दोन आकडे लावले. त्या उठल्या, पदर डोक्यावर घेतला, आणि मग दाराबाहेर पडताना तो परत खांद्यावर घेतला. दिवसभर त्या काही ना काही काम काढून गॅलरीत फिरत होत्या.

एवढ्यावरून मला कळलं की माझी गिऱ्हाइकं कोण. फुलं माळणाऱ्या बायकांना फुलं आहेतच. ज्यांना माळता येत नाहीत किंवा माळायला संकोच वाटतो, त्यांना साधी, गडद, आब राखणारी जाळी हवी. विधवा बायका, शाळेतल्या बाई, दवाखान्यातल्या नर्स. मी भडक रंग सोडले. काळ्यावर निळा, काळ्यावर मधाचा रंग, आणि मधोमध लहानसं चांदणीसारखं घर, जवळून बघितलं तरच दिसेल असं. ती नक्षी मी माझी मानते. नंतर पुष्कळांनी केली, पण पहिल्यांदा ती माझ्या बोटांतून निघाली.

कटलरीवाल्याकडे या वेळी मी स्वतः गेले. आवाज फुटेना, म्हणून एक जाळी त्याच्या काउंटरवर ठेवली आणि तेलाची बाटली काढून तिच्यावर ओतली. तो "अरे अरे" करत वह्या बाजूला घ्यायला लागला. मग जाळी फडक्याने पुसून त्याच्यापुढे धरली. तो एक मणी नखाने खरवडून बघत होता, दोरा ओढून बघत होता. शेवटी म्हणाला, "ठीक आहे बाई, पण पुढच्या वेळी तेल घरी टाका." त्याने आधी थोड्या ठेवून घेतल्या. दिवाळीपर्यंत तो मिस्टरांकडे निरोप पाठवायला लागला.

बाजारात गेले की पुढे चालणाऱ्या एखाद्या बाईच्या अंबाड्यावर माझी जाळी दिसायची. माझी गिऱ्हाइकं मला पाठमोरीच ओळखू येत. मी त्यांच्या मागून थोडं चालायची, जाळी नीट बसली आहे ना बघायची आणि दुसरीकडे वळायची. त्यांना कधी कळलं नाही. कोणी फूलवाल्या बाईकडे न थांबता जाळी नीट करत पुढे गेली की माझी मान आपोआप ताठ व्हायची.

कोळणीचे पैसे मी जमेल तसे परत देत गेले. कधी पाच, कधी दहा. ती न मोजता चंचीत टाकायची आणि वर मूठभर करंदी माझ्या ताटात. मोजत नाहीस का विचारलं तर म्हणाली, "तू मोजतेस ना, मग झालं." लग्न जवळ आलं तेव्हा वीस रुपये उरले होते. त्याच दिवसांत मी तिच्या पोरीसाठी जाळी विणत होते. नवरीची म्हणून तेवढ्या एकीत सोनेरी मणी घातले, तेलात आठवडाभर ठेवून पारखलेले.

हळदीच्या दिवशी सासूबाईंना घेऊन मी वर्सोव्याला गेले. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. कोळणीने जाळी बघितली, पोरीच्या अंबाड्यावर धरून बघितली, आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "हिचेच वीस झाले. उरलेले नको."

"तो आहेर आहे," मी म्हटलं. "आहेराचे पैसे होत नाहीत."

एवढ्या बायकांच्या गर्दीत माझा आवाज मला स्वतःला ऐकू आला. दोन-तीन जणी वळून बघायलाही लागल्या. मी रुमालातली नोट काढली आणि तिच्या हळदीने माखलेल्या हातात ठेवली. तिने माझ्याकडे बघितलं. मग पहिल्यांदाच नोट उलटून पालटून नीट बघितली, चंचीत टाकली आणि चंचीचं तोंड आवळलं.

"फिटले गो," ती म्हणाली.